पीएचडीचं पहिलं वर्ष: टकरीतले कण मोजताना

पीएचडीला लागले तेव्हा मला वाटायचं, सिद्धान्तातून आकडा काढायचा आणि प्रयोगाशी ताडून बघायचा, झालं. माझं पहिलं कामही तसंच दिसत होतं. प्रोटॉन-प्रोटॉन टकरीतून निघणारे विद्युतभारित कण मोजायचे आणि 'पिथिया' या मॉन्टे कार्लो प्रोग्रॅमशी, म्हणजे यादृच्छिक आकडे वापरून टकरींची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमशी, तुलना करायची. आलेख सुरेख जुळला. माझ्या मार्गदर्शक मॅडमना दाखवला, तर त्यांनी एवढंच विचारलं, "यातलं सिद्धान्तातून किती आलंय आणि डेटा बघून किती बसवलंय?" मला सांगता येईना.

प्रोटॉनच्या आतल्या क्वार्क-ग्लुऑनांचा सिद्धान्त, म्हणजे क्यूसीडी, भक्कम आहे. पण कागदावर त्याचा हिशोब जमतो तो जोरदार धडकेचा. टकरीतून निघणारे बहुतेक कण कमी जोराचे असतात. बीमच्या आडव्या दिशेत त्यांचा संवेग १ जीईव्हीच्याही (कणांची ऊर्जा, संवेग आणि वस्तुमान मोजायचं आमचं एकक) खाली असतो आणि तिथे पायरीपायरीची आकडेमोड चालत नाही. मग क्वार्कांमध्ये ताणलेली तार कल्पायची, ती तुटून कण होतात असं धरायचं आणि तारेचे गुणधर्म जुन्या प्रयोगांवरून ठरवायचे. याला ट्यूनिंग म्हणतात.

२००९ च्या नोव्हेंबरात जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या अ‍ॅलिस प्रयोगाने अवघ्या २८४ टकरींवर पहिला शोधनिबंध लिहिला. तो नवख्यांनी जरूर वाचावा. ९०० जीईव्ही ऊर्जेच्या टकरींत आकडे जुन्या मोजमापांशी जुळले. पुढे ७ टीईव्हीला (७,००० जीईव्ही) डिटेक्टरच्या मधल्या पट्ट्यातली कणसंख्या ९०० जीईव्हीच्या तुलनेत ५७.६ टक्क्यांनी वाढलेली निघाली. मॉडेलांनी वाढ बरीच कमी सांगितली होती.

माझा जीव रमला तो स्ट्रेंज कणांत, म्हणजे ज्यांत 'स्ट्रेंज' जातीचा क्वार्क असतो अशा कणांत. त्यातला लॅम्डा स्वतः डिटेक्टरमध्ये माग सोडत नाही. तो मोडून झालेल्या प्रोटॉन आणि पायॉन या हलक्या कणाचे माग उलटे जोडत नेले की एका बिंदूत मिळतात. अशा हजारो जोड्यांचं वस्तुमान आलेखात भरत गेलं की १.११६ जीईव्हीपाशी टोक वर येतं. जिनिव्हात रात्री दोनला ते माझ्या स्क्रीनवर आलं. पुण्यात आई उठली असणार म्हणून लगेच फोन केला.

२०१७ साली अ‍ॅलिसने दाखवलं, की टकरीत कण जितके जास्त, तितकं पायॉनच्या तुलनेत स्ट्रेंज कणांचं प्रमाण वाढतं, आणि तीन स्ट्रेंज क्वार्कांच्या ओमेगात सर्वांत ठळक. साध्या तार-मॉडेलात ते जवळपास सपाटच राहतं. तारा गुंफून दोरखंड होतात असं मानलं तर वाढ मिळते, पण मग प्रोटॉनही वाढतात, आणि डेटात ते वाढत नाहीत. मला ही अडचण फार महत्त्वाची वाटते.

सी प्लस प्लस ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि रूट हे डेटा तपासायचं सॉफ्टवेअर काही महिन्यांत येतात. जपायचं ते दुसरंच. डिटेक्टरने किती कण हुकवले याची दुरुस्तीही आपण सिम्युलेशनवरूनच काढतो. मी एकाच मॉडेलवर विसंबले होते. दुसरं लावलं आणि उत्तर सरकलं. तो फरक अनिश्चिततेत धरावा लागतो, आणि त्यात माझे दोन महिने गेले.

पहिलं सिम्युलेशन चालवाल तेव्हा पॅरामीटरांची यादी छापून घ्या आणि प्रत्येकापुढे तो आकडा कुठून आला ते पेन्सिलने लिहा. माझ्या यादीत काही ओळींपुढची जागा अजून कोरी आहे.