स्वतःच्या शिकण्याची जुळणी करताना या चुका टाळा

दिवसपाळी संपवून रात्री सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या मशीनचं, प्रोग्रॅमिंग शिकणारे ऑपरेटर कोल्हापूरच्या उद्यमनगरात भेटतात. नोकरी सांभाळून एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या मुली राजारामपुरीतल्या अभ्यासिकांत दिसतात. त्यांच्या फोनमधल्या प्लेलिस्ट, टेलिग्रामवरच्या पीडीएफ, वह्या, ओळखीची जाणकार माणसं आणि सरावाची जागा ही सगळी मिळून प्रत्येकाचं वैयक्तिक अध्ययन वातावरण होतं. कॉलेजमध्ये काय, कधी आणि कशातून शिकायचं हे दुसरं कुणीतरी ठरवतं. इथे ते तुम्ही ठरवता. तरीही बरेच जण काही महिन्यांत अडकतात आणि ‘आपल्यात चिकाटीच नाही’ असं म्हणून मोकळे होतात. माझ्या मते बहुतेक वेळा दोष जुळणीत असतो, आणि तो दुरुस्त करता येतो.

साठा वाढतो, हात चालत नाही

सगळ्यात मोठी चूक हीच. व्हिडिओ बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं. जी-कोडचं, म्हणजे मशीनला हालचाल सांगणाऱ्या आज्ञांचं घ्या. जी०० म्हणजे जलद चाल, जी०१ म्हणजे सरळ रेषेत कटिंग, जी०२ आणि जी०३ म्हणजे वर्तुळाकार चाल, हे तासाभरात पाठ होतं. पण टप्प्याटप्प्यांचा साधा शाफ्ट (गोल दांडा) कागदावर काढून त्याचा प्रोग्रॅम स्वतः लिहायला बसा. पहिलाच प्रश्न पडतो, एक्सची, म्हणजे टूल आत-बाहेर नेणाऱ्या अक्षाची, किंमत व्यासात द्यायची की त्रिज्येत? बहुतेक लेथवर ती व्यासात देतात. म्हणजे एक्स चार मिलिमीटरने कमी केला की टूल दोनच मिलिमीटर आत जातं. हा प्रश्न नुसतं बघणाऱ्याला पडतच नाही.

मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग इथे आठवावा. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. म्हणून प्रत्येक व्हिडिओनंतर फोन पालथा ठेवा आणि कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहा. प्रोग्रॅम आधी हाताने लिहा, मग मोफत सिम्युलेटरवर चालवून बघा, आणि मशीनवर जाण्याआधी मशीन लावून देणाऱ्या सेटरला दाखवा. एमपीएससीवाल्यांनी धडा संपला की लगेच त्या घटकावरचे आयोगाचे जुने प्रश्न सोडवावेत.

फुकट आहे म्हणून चार कोर्स

‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन व्यासपीठावरचे कोर्स मोफत शिकता येतात, परीक्षा आणि प्रमाणपत्रासाठी शुल्क असतं. मग एकाच वेळी चार कोर्सना नाव नोंदवलं जातं आणि एकही पुरा होत नाही. ‘एआय शिकायचंय’ हे उद्दिष्ट पकडून कोर्स निवडता येत नाही. ‘दुकानाच्या महिन्याच्या विक्रीचा तक्ता एक्सेलमध्ये स्वतः करायचाय’ असं ठरवलं, की काय बघायचं आणि काय सोडायचं ते आपोआप कळतं. नोंदी ठेवायचं ॲप सारखं बदलणं हाही याच जातीचा घोटाळा आहे. वही चालत असेल तर वहीच ठेवा.

जुळणीत माणसंच नाहीत

स्वतः शिकायचं म्हणजे एकट्याने शिकायचं, असा समज फार पसरलाय. प्रौढशिक्षणाचे अभ्यासक माल्कम नोल्स यांनी १९७५ मध्ये स्वयंनिर्देशित अध्ययनाची जी व्याख्या केली, तिच्यात पुढाकार शिकणाऱ्याचा आहे, पण इतरांची मदत घ्यायला कुठेच मनाई नाही. कोल्हापुरात तर जाणकार माणूस दोन गल्ल्यांवर असतो. फक्त ‘दादा, मला सीएनसी शिकवा’ असं म्हणू नका. कामाच्या घाईतला माणूस त्यावर काय सांगणार? ‘दादा, ही माझी ओळ, इथे टूल जॉबला घासतंय, ऑफसेट (टूलच्या मापाची नोंद) चुकलाय का?’ असं विचारा. स्वतःचा प्रयत्न समोर ठेवून विचारलेल्या प्रश्नाला लोक काम थांबवून उत्तर देतात, कारण चूक कुठे आहे ते त्यांना एका नजरेत दिसतं.

सगळं कॉलेजच्या खात्यावर

शेवटची चूक तांत्रिक आहे, पण महागात पडते. कॉलेजने दिलेल्या ईमेलवर नोट्स, ड्रॉइंग आणि कोर्सची नोंदणी ठेवली आणि पदवीनंतर खातं बंद झालं, तर दोन-तीन वर्षांचं काम हातचं जातं. खातं गूगलचं असेल तर ते चालू आहे तोवरच गूगल टेकआउट या डेटा उतरवण्याच्या सोयीतून फाइली उतरवून घ्या. कोर्सच्या खात्यांना स्वतःचा ईमेल जोडता येत असेल तर आत्ताच जोडा. फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवरही ठेवा आणि ती उघडते का, हे लगेच तपासा.