1915 चा मॅसॅच्युसेट्सचा निवडणूक निकाल कसा वाचावा?

लेफ्टनंट गव्हर्नर म्हटलं की आपल्याला दिल्लीचे नायब राज्यपाल आठवतात. जुन्या अमेरिकी निकालाचा तक्ता उघडण्याआधी ते विसरा. मॅसॅच्युसेट्स या अमेरिकी राज्यात गव्हर्नर थेट लोकांतून निवडला जातो, त्यामुळे तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जास्त जवळचा. लेफ्टनंट गव्हर्नर त्याच्या गैरहजेरीत कारभार पाहतो आणि एरवी त्याच्या कौन्सिलमध्ये, म्हणजे सल्लागार मंडळात, बसतो.

मग साल तपासा. तेव्हा तिथे ही निवडणूक दरवर्षी व्हायची. मतदान नोव्हेंबरात, पदग्रहण पुढच्या जानेवारीत. म्हणजे 1916 चे लेफ्टनंट गव्हर्नर 1915 मध्ये निवडलेले असतात. इथे घसरायला होतं, मीही घसरलो आहे. कॅल्विन कूलिज या पदावर 1915, 1916 आणि 1917 असे सलग तीनदा निवडून आले, त्यामुळे चुकीच्या वर्षाचा तक्ताही बरोबरच वाटतो.

आता मतपत्रिका कशी होती ते बघा. खरी गंमत तिथे आहे. काही राज्यांत एका पक्षाचे सगळे उमेदवार एका रकान्यात छापत आणि वरच्या वर्तुळात एक खूण केली की अख्ख्या पक्षाला मत जाई. मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र पदानुसार नावं छापलेली असत. प्रत्येक पदासाठी वेगळी खूण करायची. गव्हर्नर आणि लेफ्टनंट गव्हर्नर यांची जोडीही नव्हती, दोघांना स्वतंत्र मतं.

म्हणून दोन्ही पदांचे आकडे शेजारी-शेजारी लिहून काढा. 1915 मध्ये रिपब्लिकन सॅम्युएल मॅककॉल जेमतेम 6,000 च्या आसपास मतांनी गव्हर्नर झाले. त्याच पक्षाचे कूलिज मात्र डेमोक्रॅट एडवर्ड बॅरींना 50,000 हून जास्त मतांनी हरवून गेले. लगेच कूलिज फार लोकप्रिय होते असं लिहून मोकळे होऊ नका. मॅककॉलसमोर विद्यमान गव्हर्नर डेव्हिड वॉल्श होते, त्यांचं स्वतःचं वजन होतं. फरकाचा काही भाग त्यांच्या खात्यावर मांडावा लागेल.

कूलिज पुढे 1923 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. ते डोक्यात ठेवून मागे पाहिलं की 1915 चा प्रत्येक आकडा उगाच मोठा दिसतो, म्हणून ही गोष्ट आकडे वाचून झाल्यावर, शेवटीच विचारात घ्या.

एकूण मतांची बेरीज करताना एवढं लक्षात असू द्या: या पदांसाठी मत देणारे सगळे पुरुषच होते. त्याच दिवशी, 2 नोव्हेंबरला, स्त्रियांना मताधिकार द्यावा का यावरही मतदान झालं आणि प्रस्ताव मोठ्या फरकाने पडला.