विमानाचं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढायचा

दोन लांबच्या शहरांमधलं अंतर सर्च केलं की लगेच एक आकडा मिळतो, गोंधळ होतो तो वेळेचा. तिकिटावरच्या सुटायच्या आणि पोचायच्या वेळांची सरळ वजाबाकी करून "अरे, एवढेच तास लागतात की" म्हणणारे खूप असतात आणि ते हमखास चुकतात.

आधी शहर नाही, विमानतळ पक्का करा. लंडन म्हणजे हीथ्रो की गॅटविक, न्यूयॉर्क म्हणजे जेएफके की नेवार्क? हवेतल्या अंतरात फारसा फरक पडत नाही, जमिनीवर मात्र तासभर सहज जातो.

मग अंतर. कॉम्प्युटरवर गुगल मॅप्स उघडा, एका विमानतळावर राइट क्लिक करून अंतर मोजायचा ऑप्शन घ्या आणि दुसऱ्यावर क्लिक करा. रेघ वाकडी दिसली तरी ती बरोबरच आहे, पृथ्वी गोल आणि नकाशा सपाट, म्हणून सगळ्यात जवळचा रस्ता तिथे कमानीसारखा दिसतो, पटत नसेल तर पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा, न्यूयॉर्क-टोकियोचा दोरा थेट अलास्कावरून जातो. हीथ्रो ते जेएफके साधारण ५,५४० किमी भरतं.

आता भागाकार. मोठं जेट विमान वर स्थिरावलं की ताशी ९०० किमीच्या आसपास जातं, म्हणजे सव्वासहा तास धरा, त्यात चढणं, उतरणं, रनवेच्या रांगेत सरकणं याचा अर्धा-पाऊण तास, झाले सात.

पण हे सात तास वारा धरून नाहीत, आणि खरी गंमत तिथेच आहे. विमानं ज्या उंचीवर उडतात साधारण तिथेच जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, त्यामुळे न्यूयॉर्कहून लंडनला जाताना साडेसहा-सात तास आणि उलट येताना आठेक तास लागतात, हिवाळ्यात तर फरक आणखी वाढतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचलं होतं!

शिवाय रस्ता मोकळा आहे का तेही बघायचं. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपियन कंपन्यांना बंद झालं आणि हेलसिंकी-टोकियो नऊ-साडेनऊ तासांवरून तेरा तासांच्या आसपास गेलं, शहरं होती तिथेच आहेत. फ्लाइटरडार२४ या विमानं ट्रॅक करणाऱ्या वेबसाइटवर त्याच फ्लाइटचे गेल्या काही दिवसांचे मार्ग आणि वेळा दिसतात, माझा भरवसा भागाकारापेक्षा त्यावर जास्त.

राहिलं घड्याळ. तिकिटावर दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या लोकल असतात, म्हणून दोन्ही आधी यूटीसीमध्ये (जगभरासाठी ठरलेली एकच प्रमाण वेळ) करा आणि मगच वजाबाकी करा. समजा उन्हाळ्यात टोकियोहून संध्याकाळी ५ ला निघालात आणि लॉस एंजेलिसला त्याच तारखेला सकाळी ११ ला उतरलात, वाचायला खुळचट वाटतं. टोकियो ९ तास पुढे, म्हणजे निघालात यूटीसी ८ ला, लॉस एंजेलिस उन्हाळ्यात ७ तास मागे, म्हणजे पोचलात यूटीसी १८ ला, प्रवास १० तासांचा.

मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जरा जपून, अमेरिका आणि युरोपमध्ये उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे करतात आणि नंतर मागे घेतात, पण दोघं ती एकाच दिवशी बदलत नाहीत, मधल्या दिवसांत लंडन-न्यूयॉर्क फरक ५ ऐवजी ४ तासांचा होतो, तेव्हा फरक आजचा नाही, प्रवासाच्या तारखेचा घ्या.