रेंज बंद झाल्यावर रायफल क्लबने सराव कसा टिकवावा

वस्ती भोवती वाढल्यामुळे ५० मीटरची खुली रेंज बंद करावी लागली, तर क्लबने प्रथम १० मीटर एअर रायफलसाठी एखादे बंदिस्त सभागृह मिळवावे. नेम धरण्याच्या रेषेपासून लक्ष्य १० मीटरवर आणि त्याचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर उंचीवर असावा. रायफलच्या लक्ष्यातील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असल्याने त्यावर किमान १५०० लक्स प्रकाश हवाच. लक्ष्यामागे छर्रे खाली वळवणारा तिरका पोलादी पत्रा बसवावा, आणि लक्ष्याच्या बाजूचे प्रत्येक दार सराव सुरू होण्यापूर्वी आतून बंद करावे.

छर्रे पत्र्यावर आदळून उडणाऱ्या शिशाच्या विषारी धुळीकडे बहुतेक क्लब दुर्लक्ष करतात, आणि लहान मुले सराव करत असताना ते अक्षम्य आहे. कोरडा झाडू कधीही वापरू नये, ओल्या फडक्याने पुसावे, हवा खेळती ठेवावी आणि खाण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत.

५० मीटरच्या नेमबाजांसाठी पुण्यातील बालेवाडीसारख्या रेंजवर ठरावीक दिवस मागून घ्यावेत; कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच अंतरावर कांस्यपदक जिंकले, हे अर्जात अवश्य नमूद करावे.