डबा ओढायचा तर वजन नव्हे, वारा मोजा

महिनाभर सांगलीत आहे. गळीत हंगाम जोरात आहे, त्यामुळं संध्याकाळी पलूसकडून येताना दर दोन मिनिटांला एक ट्रॅक्टर पुढं असतो. मागं दोन ट्रॉल्या, ऊस वर आभाळाला टेकलेला, गाणं फुल आवाजात. परवा असाच एक गडी छोट्या चढाला पुढची चाकं वीतभर उचलून चालला होता. शेजारी पुतण्या बसला होता. तो पुढच्या महिन्यात कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला येतोय, आणि त्याच्या मागोमाग आपल्याकडची आणखी दोन पोरं. तिघांचा प्रश्न एकच: "काका, तुमच्यासारखा इलेक्ट्रिक पिकअप घ्यायचाय आणि मागं झोपायचा डबा. जमेल का?" डबा म्हणजे गाडीमागं जोडायचा कँपिंगचा ट्रेलर. तिघांना तीनदा सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. आधीच पोचलेल्यांनाही उपयोग होईल.

जमेल. पण पहिल्या वर्षी नको. तिकडं तुमच्या नावावर कर्जफेडीचा काही इतिहास नसतो, त्यामुळं व्याज अंगावर येतं. नव्या इलेक्ट्रिक गाडीवरची अमेरिकेच्या केंद्र सरकारची ७,५०० डॉलरची करसवलतही ३० सप्टेंबर २०२५ नंतर संपली. आधी साधी गाडी घ्या, रस्ते अंगवळणी पडू द्या. कुणी म्हणेल, भाड्यानं पिकअप घेऊ आणि मागं डबा जोडू. भाड्याच्या बहुतेक गाड्यांना मागं काही जोडायला बंदी असते. करारातली ती ओळ शोधून वाचा.

आता मुख्य गोष्ट. आपण माणसं काट्यावर वाढलेली. कारखान्यावर किती टन भरले, यावर घरात दिवाळी ठरायची. त्यामुळं पिकअप दिसला की पहिला प्रश्न येतो, "किती ओढतो?" फोर्ड एफ-१५० लाइटनिंग योग्य पॅकेजसह १०,००० पौंड, म्हणजे साडेचार टन. रिव्हियन आर-वन-टी ११,००० पौंड, पाच टनांच्या आसपास. आकडे खरे आहेत. गाडी ओढते, आणि अशी ओढते की मागं काही आहे हे विसरायला होतं. पण किती लांब ओढते, हे त्या आकड्यात कुठंच नसतं.

ते मला पहिल्याच फेरीत कळलं. माझ्या गाडीची बॅटरी १३१ युनिटची (तिकडं किलोवॅट-अवर म्हणतात, आपल्या वीजबिलातलं युनिट ते हेच). मोकळी गाडी हायवेला एका युनिटात दोन मैलांच्या वर जाते. मी हौसेनं बावीस फुटी उंच डबा भाड्यानं घेतला आणि लेक टाहो या डोंगरातल्या तळ्याकडं निघालो. शंभरेक मैल अंतर, बॅटरी शंभर टक्के. म्हटलं, जाऊन अर्धी उरेल. निम्म्या वाटेवर कोलफॅक्स लागतं. तिथं पोचेपर्यंत ५२ टक्के उरले होते, आणि खरा चढ अजून पुढंच होता. बायको म्हणाली, "अहो, हा आकडा मघाशी ऐंशी होता ना?" मी गप्प.

ती बॅटरी वजनानं खाल्लेली नव्हती, वाऱ्यानं खाल्ली होती. सपाट रस्त्यावर वजन एकदा पळायला लागलं की फारसं मागत नाही. हवा मात्र प्रत्येक मैलाला मागते. आठ फूट रुंद, दहा फूट उंच अशी भिंत हवेत ढकलत न्यायची, मग ती रिकामी असो की भरलेली. त्यात वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी ५५ मैलांऐवजी ७० नं गेलात तर त्याच अंतराला हवेपोटी साठ टक्के जास्त वीज जाते. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढणाऱ्याला ५५ चीच मर्यादा आहे, बाकीचे ६५-७० नं जात असले तरी. मी तेव्हा ६५ नं हाणत होतो. दंड झाला नाही हे नशीब, बॅटरीनं मात्र वसूल केला.

म्हणून डबा निवडताना वजनाचा कागद नंतर बघा. आधी लांब मागं उभे राहा आणि बघा की पिकअपच्या पाठीआड डबा किती लपतो. पाण्याच्या थेंबाच्या आकाराचे बुटके डबे असतात, हजार ते दोन हजार पौंडांचे. आत फक्त झोपायला जागा, स्वयंपाक मागचं झाकण उघडून बाहेर. मी आता तोच वापरतो. उंच डब्याला युनिटला जेमतेम एक मैल मिळत होता, याला दीड मिळतो. उभं राहून कपडे बदलता येत नाहीत, ही घरच्यांची तक्रार वाजवी आहे, पण दर ऐंशी मैलांवर चार्जरपाशी तासभर बसण्यापेक्षा बरं.

वजन मोजायचंच तर दोन ठिकाणी. एक घाटात. सॅक्रामेंटो जवळजवळ समुद्रसपाटीला आणि वाटेतला डोनर समिट सुमारे ७,२०० फुटांवर. वाईहून पाचगणीला पसरणी घाटानं आपण साधारण सहाशे मीटर चढतो. तसे साडेतीन घाट एकावर एक. गाडी, माणसं आणि छोटा डबा मिळून चार टन धरले तर नुसती उंची गाठायलाच चोवीस-पंचवीस युनिटं लागतात. वाऱ्याचा हिशेब वेगळा. उतरताना मोटर जनरेटरसारखी चालून यातला बराचसा भाग परत देते आणि ब्रेक तापत नाहीत. हे सुख डिझेलवाल्याला नाही. पण घाटमाथ्यावर बॅटरी गच्च भरून उतरू नका. भरलेल्या बॅटरीत परत आलेली वीज ठेवायला जागा नसते, मग सगळा भार साध्या ब्रेकवर येतो.

दुसरं ठिकाण म्हणजे हूक. इथं तुमच्या आजोबांना जे ठाऊक होतं तेच लागतं. बैलगाडीत माल मागं जास्त झाला की गाडी उलार होते, जू वर उचलतं. पुढं जास्त झाला की बैलांच्या मानेवर भार. डब्याचंही तसंच. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर हवा. नऊशे किलोचा डबा असेल तर नव्वद ते एकशेपस्तीस किलो, म्हणजे दोन-अडीच पोती. घरचा वजनकाटा लाकडी ठोकळ्याखाली ठेवून त्यावर डब्याची दांडी टेकवली की मोजता येतं. हुकावर भार फार झाला की पिकअपचं पुढचं टोक हलकं होतं आणि स्टिअरिंग तरंगतं; परवाचा तो ट्रॅक्टर आठवा. उलार झाला तर उतारावर डबा शेपटीसारखा हलायला लागतो. तसं झालं तर घाबरून ब्रेक दाबू नका. पाय हलकेच उचला, स्टिअरिंग सरळ धरा आणि फक्त डब्याचे ब्रेक हातानं लावा. त्यासाठी ब्रेक कंट्रोलर असतो, तो पुढं हाताशी आहे ना बघा. दीड हजार पौंड किंवा त्याहून जड डब्याला कॅलिफोर्नियात स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. हुकावरचा भार पिकअपच्या स्वतःच्या भारक्षमतेत धरला जातो. तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. चार माणसं, कूलर आणि हूक मिळून किती होतात, ते घरीच बेरजेला घ्या.

आपल्याकडं पिन टाकली, एक साखळी अडकवली की निघाले. तिथं दोन साखळ्या दांडीखाली एकमेकींवरून फुलीसारख्या लावायच्या. हूक सुटलाच तर दांडी त्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही. पिकअपच्या हुकावर लोखंडी गोळा असतो, डब्याच्या दांडीची टोपी त्यावर बसते. गोळ्याचा व्यास आणि टोपीचा आकार जुळायलाच हवा. दोन इंची गोळ्यावर सव्वादोन-अडीच इंची टोपी "बसतेय की" म्हणून चालवू नका.

चार्जिंगचं दुखणं मोठं आहे. बहुतेक चार्जर गाडी नाक खुपसून उभी करायच्या बेतानं बसवलेले. मागं डबा असला की तुम्ही चार जागा अडवून रस्त्यात उभे. कोलफॅक्सला मी पाऊसपाण्याच्या अंधारात डबा सोडला. बायको मोबाइलचा टॉर्च धरून, मी गुडघ्यावर, चाकाखाली लाकडी पाचर, आणि एक गृहस्थ लांबून हातवारे करत की इथं नको, तिकडं लावा. पाचर आधी आणि हूक नंतर, हा क्रम त्या रात्री पाठ झाला. आता निघण्याआधी प्लगशेअर अ‍ॅपवर, न सोडता सरळ आरपार जाता येईल असे चार्जर शोधून ठेवतो. टेस्लाचे सुपरचार्जर २०२४ पासून फोर्ड-रिव्हियनवाल्यांनाही अडॅप्टर लावून वापरता येतात, पण केबल आखूड आणि आपल्या गाडीचं तोंड पुढं डावीकडं. अंदाज घेऊन लावा.

खरा आधार मुक्कामाच्या जागेचा. डब्यांसाठीच्या कँपग्राउंडला प्रत्येक जागेवर विजेचा खांब असतो. तिथं ५० अँपिअरचा प्लग मागा. २४० व्होल्टला ४० अँपिअर सलग घेता येतात, म्हणजे तासाला साडेनऊ युनिटं. रात्री दहाला लावली की सकाळी आठला नव्वदेक युनिटं आत. ३० अँपिअरवाला मिळाला तर तो १२० व्होल्टचा असतो, रात्रभरात तीसेक युनिटंच देतो. आधी फोन करून गाडी लावू देता का ते विचारा. काही ठिकाणी वेगळे पैसे घेतात, काही नाहीच म्हणतात. खांब जुना दिसला तर मी गाडीतून अँपिअर कमी करून ठेवतो.

आणि एक, अस्वलं. टाहोकडं आणि योसेमिटीत खायचं सगळं लोखंडी पेटीत ठेवायचा नियम आहे, रात्री गाडीत नाही. पहिल्या वर्षी आईनं दिलेला भडंग आणि शेंगदाण्याची चटणी मी उशाशी घेऊन झोपलो होतो. रेंजरबाईंनी सकाळी ती पिशवी हुंगली आणि माझ्याकडं असं बघितलं की बस. टूथपेस्टसुद्धा पेटीत जाते, मग चटणीची काय कथा.

मे-जूनमध्ये पोचलात तर घाईनं डबा घेऊ नका. माझा पंधरा दिवस रिकामाच असतो. आधी विमा कुणाचा लागू होतो ते दोघं मिळून बघू. चाकांत हवा किती हे दांडीवर खडूनं लिहिलंय, दोन्ही पाचरी पुढच्या पेटीत आहेत. परत आणताना त्या दोन्ही आणा, मागच्या वेळी एकच आली होती.