ऑटोमॅटिक गाडी पळवायला बनवताय? गिअरबॉक्स निवडताना या चुका टाळा

रिमॅप झाला (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदललं), डाउनपाइप (टर्बोमागचा मोकळा एक्झॉस्ट पाइप) बसला, गाडी कोल्हापूरच्या कावळा नाक्यावरनं सुटते ती नाद खुळा, आणि महिन्याभरात मेसेज येतो, "भावा, पहिल्या-दुसऱ्या गिअरला थरथरतीय, काय असंल?" असायचं काय, सगळा पैसा इंजिनात घातला आणि बॉक्सचा विचार शेवटी केला. ऑटोमॅटिक बिल्डला आधी बॉक्स बघायचा, त्याला किती झेपतंय त्यावर इंजिन किती ताणायचं ते ठरवायचं.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते पॉवरच्या आकड्याला. क्लच घसरतो टॉर्कनं, म्हणजे इंजिनाच्या पिळायच्या जोरानं (तो एनएममध्ये मोजतात), पीएसनं म्हणजे पॉवरनं नाही. व्हर्टस किंवा स्लाव्हियाचं 1.5 टीएसआय घ्या, कंपनीतनंच 250 एनएम येतो आणि मागच्या सात स्पीड डीक्यू200 डीएसजीची (दोन क्लचवाला ऑटोमॅटिक बॉक्स) मर्यादा पण 250 च, म्हणजे कागदावर शिल्लक शून्य. स्टेज वन, म्हणजे नुसता सॉफ्टवेअरचा रिमॅप, मारला की 300 च्या पुढं जातोय. लगेच काय तुटत नाही, म्हणून मंडळींना वाटतं झेपलं. करायचंच असंल तर ट्यूनरला आधीच सांगा, खालच्या आरपीएमला टॉर्कची उडी नको, वर सावकाश चढू दे, आणि टीसीयूचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरचा, मॅप पण सोबत बघ. नुसता इंजिनाचा मॅप बदलला तर टीसीयूचा टॉर्क लिमिटर मधीच इंजिनाला आवरतो आणि लोक म्हणतात रिमॅप फसवा निघाला.

त्याच गाड्यांच्या 1.0 टीएसआयला 178 एनएम आणि आयसिन कंपनीचा सहा स्पीड टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातनं पुढं देणारा बॉक्स) आहे. शिफ्ट जरा आळशी, पण बॉक्सला वाव जास्त. सात स्पीडवाला भारी आणि सहा स्पीडवाला हलका, असं काय नसतंय.

"डीएसजी म्हणजे डीएसजी" ही दुसरी चूक. डीक्यू200 चा क्लच कोरडा. जुन्या ऑक्टेव्हिया आरएस 230 मधला सहा स्पीड डीक्यू250 ओला, क्लच तेलात बुडलेला, म्हणून ताण जास्त सोसतो, पण दर 60,000 किमीला तेल-फिल्टर बदललंच पाहिजे. कोरड्या क्लचला नुसता टॉर्क नव्हे, गर्दीत सरपटणं पण मारतं. महाद्वार रोडला इंच इंच पुढं जाताना क्लच अर्धवट लागतो आणि तापतो. गार असताना गुळगुळीत आणि तापल्यावर थरथर असंल तर आधी क्लचकडं बघा. पण गिअरचा आकडा लुकलुकतोय, गाडी मधीच न्यूट्रलला पडतीय, तर संशय मेकाट्रॉनिकवर, म्हणजे गिअर-क्लच हलवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक युनिटवर. स्कॅन केल्याशिवाय कुणी बॉक्स खाली उतरवत असंल तर गाडी परत आणा.

टॉर्क कन्व्हर्टरवाल्यांचं दुखणं वेगळं. 60 ते 80 च्या स्पीडला, हलक्या पायानं चालवताना बारक्या रम्बलरवरनं गेल्यागत गाडी हलते, तो बहुतेक लॉक-अप क्लचचा (कन्व्हर्टर थेट जोडून टाकणारा आतला क्लच) शडर, म्हणजे थरथर. पहिल्यांदा योग्य ग्रेडचं तेल बदलून बघा, पुष्कळदा तिथंच मिटतं. शिफ्ट होताना आरपीएम उगंच वर उडत असंल तर मात्र आत क्लच पॅक किंवा प्रेशरचा घोळ आहे, तशीच रेटू नका.

बीएमडब्ल्यूवाल्यांना एक सोय आहे, त्यात येणाऱ्या झेडएफ कंपनीच्या बॉक्सच्या नावातच अंदाज मिळतो, 8एचपी45 म्हणजे साधारण 450 एनएम, 8एचपी70 म्हणजे 700. गाडीची कंपनी म्हणते तेल आयुष्यभराचं, पण झेडएफ स्वतः 80,000 ते 1,20,000 किमीला बदला म्हणतं. लेव्हल इंजिन चालू ठेवून, तेल 30 ते 50 डिग्रीला असताना बघायची. तापलेल्या बॉक्सचा प्लग खोलून लेव्हल ओके म्हणणारा मेकॅनिक भेटला तर नमस्कार करून निघा.

गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर लोकांना शेवटी आठवतो. वैभववाडीकडनं करूळ घाट चढून गगनबावड्याला येताना गिअर खालचा, स्पीड कमी, हवा कमी आणि कन्व्हर्टर सारखा घसरतोय, तेल तिथं तापतं. असल्या गाडीला ड्रॅग रेसवाला हाय-स्टॉल कन्व्हर्टर (जास्त आरपीएमपर्यंत घसरत राहणारा) टाकणं म्हणजे तेल भाजायचा उद्योग.

सीव्हीटी (बेल्ट-पुलीवाला) आणि एएमटीवर (मॅन्युअल बॉक्सलाच आपोआप क्लच-गिअर) पॉवर बिल्ड नको, विषय संपला.

दुसऱ्या गाडीचा बॉक्स बसवणाऱ्यांनी ऐका. कोल्हापूरच्या उद्यमनगरात अडॅप्टर प्लेट (इंजिन आणि बॉक्स जोडणारी) झकास करून मिळंल, तिथल्या लेथवाल्यांना काय शिकवायचं? पण क्रँक आणि बॉक्सच्या इनपुट शाफ्टची सेंटर लाइन डायल गेज लावून तपासून घ्या. फरक मिमीच्या एक दशांशावरनं दोनचार दशांशांवर गेला की बॉक्सच्या तेलपंपाचं बुश आणि सील जातात, आणि शिव्या बॉक्सला पडतात. मुंबईच्या कुर्ल्यातनं जुना बॉक्स आणताना टीसीयू, वायरिंग, सिलेक्टर आणि कन्व्हर्टर त्याच गाडीतलं एकत्र घ्या. नुसता बॉक्स स्वस्तात उचलला तर पुढचे महिने कॅनबस (गाडीतल्या कॉम्प्युटरांची एकमेकांशी बोलायची वायर) जुळवण्यात जातील, गाडी तोवर जॅकवर.