उन्हाचा बिल्ला टोपीला लावा, पण दुपारी पंप खाली ठेवा

एप्रिल-मे महिन्यांसाठी सल्ला: उन्हाळी वेलवर्गीय पिके, डाळिंबाचा आंबे बहार (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा), केळी, काढणीचा कांदा

उन्हाळ्यात कलिंगड, खरबूज, काकडीचे प्लॉट कशाने जातात असं विचारलं, तर बहुतेक जण मावा, करपा, व्हायरस सांगतात. बांधावर जाऊन मी जे पाहत आलोय त्यात एक कारण पुन्हा पुन्हा समोर येतं: सकाळी लाईट नव्हती, मजूर उशिरा आला, म्हणून साडेअकराला सुरू झालेली आणि दोनपर्यंत चाललेली फवारणी. तीन-चार दिवसांत पानांच्या कडा वाळतात. पान बोटांत धरलं की पापडासारखं मोडतं. शेतकरी त्याला करपा समजतो, दुकानदार नवं बुरशीनाशक देतो, आणि तेही दुपारीच मारलं जातं. इथे प्लॉट हातचा जातो. पंप पाठीवर घेऊन फिरणारा माणूसही याच दुपारी पडतो.

म्हणून या वेळचा सल्ला उन्हावर आणि ऊन मोजणाऱ्या छोट्या यंत्रांवर आहे. अंगावर बाळगायची ही साधनं आता ऑनलाइन सहज मिळतात. त्यांचे ढोबळ तीन प्रकार. पहिला, अतिनील किरण पडले की रंग बदलणारे मणी किंवा चिकटपट्ट्या. दुसरा, यूव्ही इंडेक्सचा, म्हणजे अतिनील किरणांच्या जोराचा आकडा दाखवणारा किंवा ठरावीक मर्यादेनंतर वाजणारा बिल्ला किंवा पट्टा. तिसरा म्हणजे मोबाईल किंवा घड्याळावर दिसणारा अंदाज. तो अंदाज तुमच्या भागासाठी काढलेला असतो, तुमच्या अंगावर पडणारं ऊन त्यात मोजलेलं नसतं.

यूव्ही इंडेक्सचे टप्पे लक्षात ठेवा: 2 पर्यंत कमी, 3 ते 5 मध्यम, 6-7 जास्त, 8 ते 10 फार जास्त, 11 आणि पुढे टोकाचं. एप्रिल-मे मध्ये आभाळ निरभ्र असलं की आपल्याकडे दुपारी आकडा 11 पार करतो. सूर्य याच दिवसांत डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस पुण्यात मेच्या मध्यावर असतो, नागपुरात तो 26 मेच्या सुमारास येतो.

बिल्ला घेतलाच असेल तर मनगटाला बांधू नका. पूर्ण बाहीचा शर्ट घातला की तो बाहीखाली जातो आणि काहीच मोजत नाही. टोपीवर, आभाळाकडे तोंड करून लावा. फवारणीचे शिंतोडे, घाम, धूळ काचेवर बसली की आकडा कमी दिसतो. रोज ओल्या फडक्याने पुसा. रंग बदलणाऱ्या मण्याचं एवढंच सांगणं असतं की किरण आहेत. ते किती आहेत, हे त्यावर ठरवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी विकणारा सांगत नाही. हे यंत्र अतिनील किरण मोजतं, उष्णता मोजत नाही. किरणांचा जोर आपल्याकडे साडेबाराच्या आसपास सर्वांत जास्त असतो आणि चार-साडेचारपर्यंत निम्म्याच्याही खाली येतो. हवेचं तापमान मात्र तीन-चारच्या सुमाराला शिगेला पोचतं. म्हणजे साडेचारला बिल्ला गप्प होतो आणि शेतात पारा अजून 41-42 वर असतो. अशा वेळी "यंत्र वाजत नाही, चला" म्हणून पंप उचलणारा माणूस उष्माघाताच्या तोंडी जातो. बिल्ला कातडीसाठी आणि डोळ्यांसाठी खरा आहे. वर्षानुवर्षं उघड्या डोळ्यांनी उन्हात राबल्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून बुबुळावर मांस चढतं, मोतीबिंदू लवकर येतो. हे टाळायला टोपी, पूर्ण बाही आणि अतिनील किरण अडवणारा चष्मा यांचा नक्की उपयोग होतो. उष्माघातासाठी तापमान, हवेतला दमटपणा आणि माणसाचं अंग बघावं लागतं.

दमटपणाचं महत्त्व 16 एप्रिल 2023 ला नवी मुंबईतल्या खारघरच्या मैदानावर, महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात दिसलं. भर उन्हात तासन्‌तास बसलेल्या लोकांपैकी 14 जण उष्माघाताने दगावले. नवी मुंबईत त्या दिवशी पारा 38 च्या आसपास होता. ते लोक नुसते बसले होते, त्यांच्या पाठीवर सोळा लिटरचा पंप नव्हता. हवामान विभाग उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात 40 अंशांपासून आणि किनारपट्टीवर 37 पासून करतो, त्याचं कारण हेच: दमट हवेत घाम सुकत नाही आणि अंग थंड होत नाही. कोकणातल्या बागायतदारांनी "आमच्याकडे कुठे चाळीस होतं" असं म्हणू नये.

यंत्र नसेल तर काही अडत नाही. सपाट जागी उभे राहा आणि आपली सावली बघा. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की किरणांचा जोर धोक्याचा धरा. मे महिन्यात सोलापूर भागात ही वेळ साधारण सव्वानऊला सुरू होते आणि साडेतीनला संपते. ढग आले तरी ही खूण सोडू नका. विरळ ढगांतून बरेचसे किरण खाली येतात. वळवाच्या आधीच्या ढगाळ उकाड्यात माणूस गाफील राहतो आणि टोपी काढून ठेवतो.

उष्णतेसाठी माझी एक बांधावरची खूण आहे, ती कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. उन्हात पडलेल्या ठिबकच्या काळ्या नळीवर उलटा पंजा ठेवा. पाच मोजेपर्यंत ठेवता आला नाही, तर त्या वेळी फवारणी करू नये. ही खूण पकडून चालणाऱ्यांच्या वेलांना चटका कमी बसलेला मी पाहिलाय. याच नळीतलं साचलेलं पाणी पहिली काही मिनिटं कढत येतं आणि रोपाच्या बुडाशी पडतं. त्यामुळे ठिबक पहाटे किंवा रात्री चालवा.

फवारणीबाबत पक्कं सांगतो:

- वेळ: सकाळी साडेआठच्या आत उरकायची. नाही जमलं तर संध्याकाळी साडेपाचनंतर, वारा शांत असताना.
- पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक: भुरीसाठी (पानांवर पांढरी भुकटी दिसणारा बुरशीचा रोग) लेबलवर त्या पिकाला दिलेल्या मात्रेत, साधारण 2 ग्रॅम प्रति लिटर. तापमान 32-35 च्या वर जाणार असेल तर नकोच. काकडी, खरबूज, कलिंगड यांना ते जास्त सोसत नाही. मी तर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यानंतर वेलांवर गंधक टाळायलाच सांगतो.
- तेलयुक्त औषध आणि गंधक यांत किमान तीन आठवड्यांचं अंतर.
- तीन-चार औषधं एका टाकीत कालवू नका. उन्हात अशा मिश्रणाने हमखास चटका बसतो.

दुपारच्या फवारणीत औषधही वाया जातं. थेंब पानावर बसण्याआधी सुकतो, पानाची छिद्रं मिटलेली असतात, कीड पानाखाली गेलेली असते. मधमाश्या सकाळच्या फुलांवर असतात, म्हणून वेलवर्गीय पिकांत फुलोऱ्याच्या काळात मी संध्याकाळच धरायला सांगतो. "औषध लागू पडलं नाही" म्हणून दुसऱ्या दिवशी डबल डोस मारणाऱ्यांनी आधी घड्याळ बघावं.

आणि माणूस. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. डोक्याएवढी कपाशी, घामाने भिजलेलं उघडं अंग, तोंडाला नीट फडकंही नाही. उकाड्यात घाम आला की कातडीतून विष आत शिरायला वाट मिळते, आणि उकडतंय म्हणून माणूस शर्टही काढतो. सकाळी फवारणी केली तर पूर्ण बाही, हातमोजे, मास्क अंगावर सोसवतात. दुपारी कुणीच ते घालत नाही. संरक्षक कपडे का वापरत नाहीत म्हणून मजुराला रागावण्याआधी मालकाने वेळ बदलावी.

फवारताना माणूस कोसळला तर उष्माघात की विषबाधा हे घरी ठरवत बसू नका. अंग भट्टीसारखं तापलेलं, बोलणं असंबद्ध, चालताना झोक जातोय, तर उष्माघात धरून लगेच थंड करायला घ्या. घाम थांबलाच पाहिजे असं नाही, मेहनतीने झालेल्या उष्माघातात घाम चालू असतो. लाळ गळतेय, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्यात, उलट्या, अंगाला थरथर, तर विषबाधेचा संशय धरा. दोन्हींत:

- 108 ला फोन. औषधाची बाटली किंवा लेबल सोबत न्या.
- सावलीत आणा, फवारणीचे कपडे काढा, अंगावर भरपूर पाणी ओता. विहिरीचं पाणी चालतं.
- मान, काख, जांघ यांवर ओली फडकी आणि वारा घालणं चालू ठेवा.
- शुद्धीत नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही नको.
- तापाची गोळी देऊ नका. उष्माघाताचा ताप त्याने उतरत नाही.

शेतात नवीन आलेल्यांची विशेष काळजी घ्या. मे महिन्यात सुट्टीला पुण्या-मुंबईहून आलेला मुलगा, किंवा नुकतीच लागलेली मजुरांची टोळी, यांचं अंग उन्हाला सरावलेलं नसतं. पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या पाचव्या हिश्शाएवढंच काम द्या आणि रोज तेवढंच वाढवत न्या. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला पाणी, तहान लागण्याची वाट न बघता. ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या वडीलधाऱ्यांना दुपारी शेतात धाडूच नका. बायका खुरपणीला वाकलेल्या असतात, लघवीला जायची अडचण म्हणून पाणी कमी पितात. बांधावर आडोसा करून देणं हे मालकाचं काम आहे.

आता पिकाच्या "सनस्क्रीन"बद्दल. या दिवसांत दुकानात ताण घालवणाऱ्या, चटका थांबवणाऱ्या बाटल्यांची रांग लागते. नाव वेगळं, किंमत वेगळी, आत काय आहे ते लेबलवर शोधून सापडत नाही. डाळिंबाला चटका प्रामुख्याने पश्चिम-दक्षिणेकडच्या फळांना बसतो. फळ वजनाने फांदी वाकवतं आणि सावलीतली बाजू एकदम उन्हात येते. त्या बाजूची साल उन्हात हवेपेक्षा दहा-पंधरा अंश जास्त तापते, आधी पिवळट, मग तपकिरी, शेवटी काळी आणि टणक होते. त्या डागावर बाटलीचा काही उपयोग नाही. त्याआधी करायचं ते साधं आहे: साध्या केओलिनची (पांढऱ्या चिकणमातीची पूड) पहिली फवारणी 5 टक्के, म्हणजे 50 ग्रॅम प्रति लिटर, आणि पुढे पंधरा दिवसांच्या अंतराने 2.5 टक्के. ब्रँडच्या पिशवीऐवजी चांगल्या प्रतीचं बारीक दळलेलं केओलिन घ्या, गाळून टाकीत ओता, टाकी ढवळत राहा, आणि हीसुद्धा सकाळीच मारा. काढणीनंतर फळं धुवावी लागतील, तो खर्च धरून चला. पश्चिमेच्या बाजूची छाटणी आणि पानगळ या दिवसांत अजिबात करू नका. पांढऱ्या कापडाचं आच्छादन करायचं तर पहिला डाग दिसायच्या आधी. डाग दिसल्यावर झाकलेल्या बागा मी बऱ्याच पाहिल्या, डागी फळांच्या मोजणीत काही फरक पडत नाही.

केळी
- पश्चिम आणि दक्षिण बांधाला शेवरीसारखी वारारोधक ओळ, नसेल तर शेडनेट.
- घड वाळलेल्या पानांनी किंवा स्कर्टिंग बॅगने (घडावर चढवायची पिशवी) झाका. घडाचा दांडाही झाका.
- हिरवी पानं कापू नका.

कांदा
- 50 टक्के माना पडल्यावर, म्हणजे निम्म्या कांद्यांची पात मानेतून आडवी झाल्यावर काढणी.
- शेतात तीन दिवस पातीसह सुकवा. पुढच्या ओळीची पात मागच्या ओळीच्या कांद्यावर येईल असं पसरा. उघडा कांदा भाजून पांढरट, मऊ होतो आणि चाळीत (कांदा साठवायच्या शेडमध्ये) आधी तोच सडतो.
- मान अडीच सेंटिमीटर ठेवून पात कापा.
- पुढे दोन-तीन आठवडे सावलीत.

वेलवर्गीय
- फळांवर वेलाची पानं किंवा वाळलेलं गवत.
- मल्चिंगची (वाफ्यावर अंथरलेल्या प्लास्टिकची) कड वाऱ्याने उचलत नाही ना, बघा.
- पाणी थोडं आणि वारंवार.

हवामान विभागाचा कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, 'मेघदूत' अ‍ॅपवर मराठीतही मिळतो. मंगळवारचा अंदाज वाचून आठवड्याच्या फवारण्यांच्या तारखा आणि वेळा पंपाच्या खोलीच्या दारावर खडूने लिहून ठेवा. आदल्या संध्याकाळी औषध मोजून, टाकी धुवून, नोझल तपासून ठेवलं की सकाळी लाईटची वाट बघत अकरा वाजत नाहीत. सकाळचा फेरा हुकला तर तो संध्याकाळवर ढकला. मजुराची दिवसभराची हजेरी तरीही पूर्ण द्या, कारण हजेरी कापली जाईल या भीतीनेच तो बाराला पंप उचलतो.